वाचून दाखवणारे रायर

रायरांनी आयुष्यभरात कोर्टात जेवढे कागद घातले त्यांतला एकच परत आला, आणि तो माझ्या घटस्फोटाचा होता. ते स्वतः हे कुणाला सांगत नसत, पण तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या त्या तीन मजली इमारतीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. जिन्यात कुणी भेटलं की माझी ओळख 'त्या रिटर्नवाल्या मॅडम' अशीच करून दिली जायची. तेव्हा मला राग यायचा. आता ते आठवलं की मी एकटीच हसते, आणि हसता हसता डोळे कधी भरून येतात ते कळत नाही.

त्यांचं खरं नाव सेतुमाधव राव. तंजावूरकडच्या मराठी माणसाला तमिळ लोक आदराने रायर म्हणतात, म्हणून तेही सगळ्यांचे रायर. एका वकीलबाईंकडे ते गुमास्ते होते. या बाईंना आम्ही सगळे मॅडम म्हणत असू. रायरांच्या कपाळावर काळी अंगाऱ्याची रेघ, तिच्याखाली अक्षतीचा लालसर ठिपका, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी आणि खिशात दोन्ही बाजूंना टोक काढलेली लाल पेन्सिल. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशीच त्यांचं टेबल होतं. टेबलावर टाइपरायटर, शेजारी जाड कागदांची चळत, आणि एका बिस्किटाच्या डब्यात दाभण आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. कॉम्प्युटर मॅडमच्या केबिनमध्ये होता. "तो मागचें पुसतो आणि कोठें पुसलें तें सांगत नाहीं," असं म्हणून रायर त्याच्याकडे फिरकत नसत.

दोन हजार चारच्या सुमाराची ही गोष्ट. मी एग्मोरच्या एका बँकेत होते. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. आधी तो कंपनीच्या बसने रोज जाऊन येऊन करायचा. मग तिकडेच एक खोली घेतली, मग फक्त रविवारी यायला लागला आणि शेवटी तेही थांबलं. अशी दोन वर्षं उलटून गेल्यावर मी सहा वर्षांच्या सईला शेजारच्या मामींकडे ठेवलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तो जिना चढले. मला एवढंच हवं होतं की हे एकदाचं संपावं आणि सई माझ्याकडे राहावी.

मॅडमनी दहा मिनिटं भराभर इंग्रजीत प्रश्न विचारले आणि मला बाहेर पाठवलं. रायरांनी वकालतनाम्यावरचं माझं नाव वाचलं, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "मराठी बोलतां काय, अम्मा? बसा. उन्हांतून आलां, आधीं पाणी प्या."

मी बघतच राहिले. शब्द अगदी आपले, पण शाळेत इतिहासाच्या बाईंनी जुनं पत्र वाचून दाखवावं तसे, आणि चाल मात्र पूर्ण तमिळ. त्या दिवसांत मला हसू असं येतच नव्हतं, पण तेव्हा आलं. रायरांनी ते पाहिलं. "हंसा," ते म्हणाले, "आम्ही आमची मराठी तीनशें वर्षें संभाळून ठेवली. तुम्ही तुमची हिंदीवाल्यांस देऊन टाकली." मी 'मला टेन्शन आलंय' वगैरे काही म्हणाले की ते दुखऱ्या दातावर जीभ लागल्यासारखं तोंड करत.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. त्यांनी मला कोऱ्या कागदांची एक गड्डी दिली आणि सांगितलं, लग्नाच्या दिवसापासून सगळं आपल्या भाषेत लिहून आणा. मी सव्वीस पानं लिहिली. आठवडाभर सई झोपली की लिहीत होते, रडत होते आणि आपण फार छान लिहितोय असंही मनातल्या मनात वाटत होतं. रायरांनी ती पानं माझ्यासमोर वाचायला घेतली, लाल पेन्सिल हातात धरून.

"'निर्दयपणें'. हें काढा. 'पाषाणहृदयी'. हें कोण? तुमचा यजमान? काढा." पेन्सिल चालू. "'त्यांनी मला कधीच समजून घेतलं नाही'. अम्मा, याला साक्षीदार कोण?"

"याला कसा साक्षीदार असेल, रायर?"

"मग कोर्टास कशाला सांगतां? कोर्टास विशेषण नको. तारीख सांगा."

सव्वीस पानांतून चार उरली. मला वाटलं होतं की मला भयंकर वाईट वाटेल. पण घरी जाताना बसमध्ये कितीतरी दिवसांनी खांदे हलके वाटत होते. आपलं दुःख चार पानांत मावतं, हे कळल्याने माणसाला बरं वाटतं, याचा शोध मला त्या दिवशी लागला.

त्यांची दुसरी पद्धत मात्र सगळ्या इमारतीत चेष्टेचा विषय होती. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी एक ओळ असते, की हा मजकूर सही करणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवला आणि समजावून सांगितला. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी ही ओळ. बाकीचे गुमास्ते ती टाइप करून मोकळे होत, कोण वाचत बसतंय. रायर खरोखर वाचत. तमिळ, तेलुगू, कानडी, मराठी या चार भाषांत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. प्रत्येक परिच्छेद संपला की विचारत, "हें घडलें काय?" हो म्हटलं की समासात लाल खूण करत. सगळ्या खुणा झाल्या की कागद एकावर एक ठेवून दाभणाने भोकं पाडत, दोऱ्याने शिवत आणि मगच सहीला पेन हातात देत.

मी त्यांना म्हणाले, "रायर, मी बँकेत आहे. मला इंग्रजी येतं. कशाला वेळ घालवता?"

"इंग्रजी तुम्हांस येतें हें मज ठाऊक. पण लग्न इंग्रजींत लागलें नव्हतें ना?"

मी खुर्ची त्यांच्या टेबलाजवळ ओढली.

या वाचण्यापायी त्यांनी मॅडमचा एक अशील घालवला होता. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यातला तेलुगू कामगार बायको सोडून गेली म्हणून अर्ज करायला आला होता. रायर तेलुगूत वाचू लागले. बायको अमुक तारखेला माहेरी गेली, अमुक तारखेला हा आणायला गेला नाही, अमुक सणालाही गेला नाही. चौथ्या परिच्छेदाला तो माणूस ढसाढसा रडायला लागला, कागद घडी करून खिशात घातले आणि 'मी जाऊन येतो' म्हणून जो गेला तो परत आलाच नाही. नंतर कळलं, सासुरवाडीला गेला होता. मॅडम म्हणाल्या, "रायर, तुम्ही माझं दुकान बंद कराल." रायर शांतपणे म्हणाले, "मी काय केलें? त्याचेंच त्यास वाचून दाखविलें."

दुपारी एक वाजता ते टाइपरायटरवर कापड टाकत आणि डबा उघडत. दहीभात आणि डांगराची पच्चडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ; एकादशीला नुसती केळी. हा डबा त्यांची बायको ट्रिप्लिकेनच्या घरून रोज पाठवायची. त्यांच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी तरी त्या दोघांनी मीठ जास्त की कमी यावर भांडण्यात घालवली होती, असं ते अभिमानाने सांगत. "तिनें पिटिशन घातलें तर मीच टाइप करीन. दुसऱ्यानें केलें तर तारखा चुकतील. तिला एकही तारीख आठवत नाहीं." असं म्हणून पच्चडीतला एक चमचा माझ्या डब्याच्या झाकणात वाढत. कोर्टाच्या बाजूने चार वाजता समुद्राचा वारा सुटेपर्यंत त्या जिन्यापाशी जीव नकोसा होई, पण तिथे बसून खाल्लेलं ते डांगर मला पुढे कुठे मिळालं नाही.

आता मूळ गोष्ट. माझ्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक जुना व्रण आहे. मॅडमनी तो पहिल्याच दिवशी हेरला होता. नवरा मारायचा का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. एकदा भांडणात त्याने स्टीलचा डबा भिंतीवर आपटला होता, एवढंच. मॅडमनी लिहून घेतलं. मग मला समजावलं, की नुसता सोडून गेला एवढ्यावर अर्ज चालेल, पण रेंगाळेल, आणि त्याने मुलगी मागितली तर कोर्ट त्याचंही ऐकेल. मारहाण दाखवली तर मुलीचा प्रश्नच उरत नाही. त्यात श्रीकांतला कंपनी त्याच महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला वर्षभरासाठी परदेशी पाठवणार होती. तो जायच्या आत नोटीस त्याच्या हातात पडायला हवी होती. मी विचार केला, सई आपल्याजवळ राहणार असेल तर एका वाक्याने काय होतं?

वाचायच्या दिवशी रायर नवव्या परिच्छेदापर्यंत आले. "'प्रतिवादीनें अर्जदारास डबा फेकून मारिला. अर्जदाराच्या कपाळास जखम झाली. तिचा व्रण अद्याप आहे.'" ते थांबले. व्रणाकडे बघितलं नाही, कागदाकडेच बघत होते. माझ्या सव्वीस पानांत हे कुठेच नव्हतं. "हें घडलें काय?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी पेला उचलून पाणी प्यायलं. मग आणखी एक घोट. मग समासात खूण केली, बाकीच्या खुणांसारखीच, आणि पुढचा परिच्छेद सुरू केला. शिवून झाल्यावर त्यांनी लग्नपत्रिका, लग्नाचा दाखला, बँकेचं पगारपत्र असे सगळे पुरावे एकेक करून पुन्हा पाहिले. पत्रिकेवरचं नाव वाचून म्हणाले, "मंगल? तें तुमचें माहेरचें?"

"हो. लग्नात ऋतुजा ठेवलं. ताटात तांदूळ पसरून, अंगठीने लिहून. बँकेत मात्र मंगलच राहिले."

"आमच्याकडेही तसेंच. माझी बायको सुभद्रा होती. आमच्या आईनें रुक्मिणी केली." ते हसले आणि पत्रिका जागच्या जागी ठेवली. मी सही केली.

सहाव्या दिवशी कागद परत आला. छाननी करणाऱ्या विभागातल्या कारकुनाने शेरा मारला होता: पत्रिकेत वधू मंगल, दाखल्यात पत्नी ऋतुजा, पगारपत्रात पुन्हा मंगल, या दोघी कोण? रायर तिथे गेले तेव्हा तो माणूस सगळ्या विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "रायर, मंगलशी लग्न केलं आणि ऋतुजाला घटस्फोट पाहिजे, तर मंगलचं काय करायचं?" सगळी टेबलं हसली. लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावच पुसून टाकतात, ही गोष्ट तिथे कुणाच्या कानावर आलेली नव्हती. तिथली मुलगी लग्नानंतर फार तर नावाआधीचं वडिलांचं आद्याक्षर काढून नवऱ्याचं लावते. आणि आम्हा दोन मराठी माणसांना त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही, असं तेव्हा मी धरून चालले.

मॅडमनी आकाशपाताळ एक केलं. अठ्ठावीस तारीख आली होती दहा दिवसांवर. "पहिलं पान बदला, 'ऋतुजा ऊर्फ मंगल' घाला आणि सोमवारी सकाळी आत टाका," त्या ओरडल्या. रायरांनी मान खाली घातली होती. त्यांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. पण एका गोष्टीवर ते हटले नाहीत. पान बदलायचं तर दोरा काढावा लागणार, आणि शिवण उसवली की सगळा कागद नव्याने वाचायचा, हा त्यांचा नियम होता. मला म्हणाले, "उद्यां शनिवार. लेकीस सुट्टी ना? तिलाही आणा. मामींस एक दिवस विसावा."

सई आली. रायरांनी तिला आपल्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसवलं, जुने कार्बन पेपर आणि कोरे कागद दिले. निळी बोटं करत ती लिहीत बसली. आम्ही वाचू लागलो. रायर नेहमीपेक्षा हळू आवाजात वाचत होते. आठवा परिच्छेद झाला तेव्हा सईने कागद वर धरला आणि म्हणाली, "आजोबा, बघा, खालीपण उमटलं!" तिने आपलं नाव लिहिलं होतं, शाळेत लिहायचे तसं नुसत्या आद्याक्षराने नाही, मी घरी शिकवलं होतं तसं, तीन शब्दांचं: सई श्रीकांत पाटणकर. कार्बनखाली तीन कागद होते आणि तिन्हींवर ते होतं.

"चोखोट," रायर म्हणाले. चोखोट म्हणजे त्यांच्या भाषेत छान. मग त्यांनी चष्मा नीट केला आणि नववा परिच्छेद वाचला. अगदी तसाच, आधी वाचला होता तसा. "हें घडलें काय?"

सई माझ्याकडे नाही, आपल्या बोटांकडे बघत होती. ही एक दिवस मोठी होणार, हा कागद वाचणार, आणि माझ्या कपाळाकडे बघून आयुष्यभर आपल्या बापाला ओळखणार, एवढंच मला दिसलं.

"नाही," मी म्हणाले. "असं घडलं नाही."

रायरांनी आश्चर्य दाखवलं नाही, शाबासकी दिली नाही, उपदेश तर नाहीच नाही. "सरि, ठीक," ते म्हणाले आणि तीनही ओळींवर लाल रेघ मारली. "तर काय घडलें?"

"डबा भिंतीवर आपटला. मी लांब होते."

"तारीख?"

"गौरी आणायच्या आदल्या दिवशी."

"आणि हा व्रण?"

"सातव्या वर्षी झोक्यावरून पडले."

"तें कोर्टास नको," म्हणत त्यांनी टाइपरायटरमध्ये नवा कागद सरकवला.

मॅडम भडकल्या. मी त्यांना सांगितलं की ते वाक्य असेल तर मी सही करणार नाही. मुलगी गेली तर माझ्याकडे रडत येऊ नका, असं त्या म्हणाल्या, आणि त्या रात्रीपासून पुढचे कितीतरी दिवस मी त्याच भीतीने जागी होते. खरं बोलल्याचं समाधान वगैरे मला काहीही वाटत नव्हतं. उलट वाटत होतं, या म्हाताऱ्याच्या नादी लागून मी पोरीला गमावणार.

नोटीस श्रीकांतला पंचवीस तारखेला मिळाली. सत्तावीसला संध्याकाळी त्याचा घरी फोन आला. म्हणाला, "मला वाटलं होतं, काय काय लिहिलं असेल. मीही वकील बघून ठेवला होता." मग म्हणाला, "डब्याचं खरं लिहिलंस. आपण भांडायला नको, मंगल. सई तुझ्याकडे राहू दे. मला भेटू दे म्हणजे झालं." लग्नानंतर त्याने मला मंगल म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

वर्षाने तो परतल्यावर आम्ही दोघांनी मिळून संमतीचा अर्ज केला. तोही रायरांनीच तयार केला. आम्हाला दोघांना एका बाकावर बसवून त्यांनी तो वाचून दाखवला आणि प्रत्येक परिच्छेदाला आम्ही दोघंही एकदम 'हो' म्हणत होतो. इतकं एकमत आमच्यात लग्नात कधी झालं नव्हतं. श्रीकांतला हसू आलं, मलाही आलं, आणि रायरांनी आम्हा दोघांनाही वर्गात बडबड करणाऱ्या पोरांसारखं दटावलं.

पुढे चार वर्षांनी माझी पुण्याला बदली झाली. आवराआवर चालली होती, तरी निरोप घ्यायला म्हणून मी तंबू चेट्टी स्ट्रीटवर गेले. रायर जिन्यातच भेटले, कोर्टातून येत होते. काखेत कागदांचा गठ्ठा, वेष्टी घामाने चिकटलेली. खूप वाळले होते. दुसऱ्या मजल्यापर्यंत एका दमात जाता येत नव्हतं, म्हणून पहिल्या वळणावर कठडा धरून उभे होते. त्या दिवशी मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं.

"रायर, नावाआधीचं एक अक्षर चुकलं तरी तुम्ही ऊर्फ घालता. तुमच्या बायकोचंही नाव बदललेलं. मग माझ्या कागदात मंगल कशी राहून गेली?"

त्यांनी श्वास घेतला. "चूक झाली, अम्मा. वय झालें."

"खरं सांगा."

त्यांनी गठ्ठा या काखेतून त्या काखेत घेतला. "लेक कोठें? आणली नाहींत."

"ती बाबाबरोबर गेलीय. त्याच्या कारखान्यात आज घरच्यांना बोलावलंय. सकाळी कंपनीच्या बसने गेली, खिडकीची जागा पाहिजे म्हणून अर्धा तास आधी जाऊन उभी राहिली होती. पुण्याला गेल्यावरही प्रत्येक सुट्टीत त्याच्याकडे यायचं असं दोघांनी माझ्याआधीच ठरवून टाकलंय."

रायर ऐकत होते. अगदी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "तर मग तो एक रिटर्न माझ्या नांवावर राहूं द्या. मज त्याचें कांहीं वाईट वाटत नाहीं."

मी वाकून नमस्कार केला. वरून कुणीतरी "रायर!" अशी हाक मारली. "वंदुट्टेन, आलों," असं दोन्ही भाषांत ओरडून ते कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागले, आणि वळणावर त्यांची पांढरी वेष्टी दिसेनाशी होईपर्यंत मी खाली उभी होते.